निरपराध कैद्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांचा सन्मान कसा करावा

चुकीच्या निकालामुळे तुरुंगात पडलेल्या माणसाला बाहेर काढणे हे वर्षानुवर्षे चालणारे, कागदपत्रांत बुडालेले आणि बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटणारे काम आहे. जुनी निकालपत्रे पुन्हा पुन्हा वाचणे, तपासातला गहाळ झालेला एखादा जबाब शोधणे, पंधरा वर्षांपूर्वीच्या साक्षीदाराचा पत्ता लावणे, फेटाळलेला अर्ज नव्या कारणांसह पुन्हा दाखल करणे, यांत या माणसांची उमेदीची वर्षे जातात. अशा व्यक्तींचा सन्मान करण्याचे एखाद्या वकील संघटनेने, विद्यापीठाने, वाचनालयाने किंवा नागरिकांच्या गटाने ठरवले, तर नेहमीच्या सत्कार समारंभाचा साचा येथे पुरत नाही. या सत्काराच्या मागे एक प्रत्यक्ष घडलेला गुन्हा असतो, त्या गुन्ह्याने उद्ध्वस्त झालेले एक घर असते, चुकलेले एक न्यायालय असते आणि ज्याची वर्षे हकनाक गेली असा एक माणूस असतो. व्यासपीठावरचा एक सैल शब्द यांपैकी कोणालाही दुखावू शकतो. म्हणून तयारीची सुरुवात सभागृहाच्या आरक्षणापासून किंवा सन्मानचिन्हाच्या नमुन्यापासून न करता मानपत्राच्या मसुद्यापासून करावी, असा माझा आग्रह आहे. ज्याचे मानपत्र नेमकेपणाने लिहिता येत नाही त्याच्या सत्काराची वेळ अजून आलेली नाही, असे खुशाल समजावे.

सत्कारमूर्ती कोठे शोधावेत

निवड समिती बसली की सर्वांत आधी ठळक नावे पुढे येतात. अमेरिकेत बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी १९९२ साली सुरू केलेल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ने डीएनए चाचणीच्या आधारे निरपराध कैदी सोडवण्याची वाट रुळवली. त्याआधी, १९८३ साली, जिम मॅक्लॉस्की या धर्मशास्त्राच्या पदवीधराने ‘सेंच्युरियन’ ही संस्था उभी केली आणि जेथे तपासण्याजोगा जैविक पुरावाच नाही अशा खटल्यांतही पायपीट करून साक्षीदार शोधण्याचा मार्ग धरला. ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ने अलाबामा राज्यात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी असेच काम केले. या नावांचा सन्मान योग्यच आहे. पण त्यांना सन्मानांची वाण नाही, आणि निवड समितीने तेवढ्यावर थांबणे हा आळस होय.

ड्रेफस प्रकरण याबाबतीत फार शिकवणारे आहे. फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकारी कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांना १८९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरवले गेले. आज या प्रकरणाशी लोक नाव जोडतात ते कादंबरीकार एमिल झोला यांचे, कारण १३ जानेवारी १८९८ रोजी त्यांनी वृत्तपत्रात राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेल्या जाहीर पत्राने सारा देश ढवळून निघाला. परंतु झोला मैदानात उतरण्याआधी आल्फ्रेड यांचे बंधू मात्यू ड्रेफस यांनी तीन वर्षे एकहाती धडपड केली होती, बर्नार लाझार या पत्रकाराने १८९६ मध्येच आपली पुस्तिका छापली होती, आणि गुप्तचर खात्याचा प्रमुख जॉर्ज पिकार याने खरा हेर दुसराच असल्याचे त्याच वर्षी ओळखून वरिष्ठांना सांगितले होते. त्याबद्दल पिकारची रवानगी ट्युनिशियाला झाली आणि पुढे त्याला तुरुंगही भोगावा लागला. याच पिकारच्या मनात ज्यूंविषयी पूर्वग्रह होता, हेही इतिहासाने नोंदवले आहे. आपण कृतीचा सन्मान करतो, संतपदाचे प्रमाणपत्र देत नाही. हे समितीने पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले तर पुढचे पुष्कळ वाद टळतात.

म्हणून नावे मागवताना ‘हा खटला कोणी जिंकला’ एवढेच न विचारता ‘कोणाच्या कोणत्या कृतीवाचून ही सुटका झाली नसती’ असा प्रश्न विचारावा. उत्तरात मग वेगळीच माणसे दिसू लागतात. ग्लासगोमधील ऑस्कर स्लेटर यांना १९०९ साली खुनासाठी दोषी ठरवले गेले. त्यांच्या सुटकेचे श्रेय सहसा शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांना मिळते. पण जॉन ट्रेंच नावाच्या गुप्तहेर पोलिसाने आपल्याच दलाच्या तपासावर शंका घेतली, १९१४ साली त्यापायी नोकरी गमावली आणि १९१९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. स्लेटर त्यानंतर आणखी आठ वर्षे तुरुंगात होते. जपानमध्ये इवाओ हाकामाता यांची बहीण हिदेको यांनी भावाच्या निर्दोषत्वासाठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ झुंज दिली. सरकारी वकीलही या यादीत बसू शकतात: टेक्सासमधील डॅलस जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील क्रेग वॉटकिन्स यांनी २००७ साली आपल्याच कार्यालयाने मिळवलेल्या जुन्या शिक्षा तपासून पाहण्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडला. कधी कधी तर स्वतः पीडित व्यक्तीच या कामाला लागते. जेनिफर थॉम्प्सन यांनी बलात्काराच्या खटल्यात रोनाल्ड कॉटन यांना चुकीने ओळखले; कॉटन यांचा दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला आणि १९९५ साली डीएनए चाचणीने ते निर्दोष ठरले. त्यानंतर थॉम्प्सन यांनी ओळख परेडच्या पद्धती सुधाराव्यात म्हणून जाहीरपणे काम सुरू केले. स्वतःची चूक उघड करून त्यावर उभे राहण्याला जे धैर्य लागते त्याची नोंद कोणीतरी घ्यायलाच हवी.

हरलेल्या खटल्यांचाही विचार करावा. सुटका झाली तरच सन्मान, असा नियम केला की दहा वर्षे प्रामाणिकपणे लढूनही न्यायालयाने दाद न दिलेला वकील कायमचा बाहेर राहतो. असा सन्मान एका खटल्याच्या नावाने न देता कामाच्या कालखंडाच्या नावाने द्यावा, म्हणजे प्रलंबित प्रकरणाविषयी मत दिल्याचा दोष आयोजकांवर येत नाही.

घोषणेपूर्वीची पडताळणी

हा भाग आयोजकांना नकोसा वाटतो, पण यात हयगय झाली की सन्मान अंगाशी येतो. इलिनॉय राज्यात १९९९ साली फाशीच्या छायेत असलेला एक कैदी सुटला. विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक आणि एक खासगी तपासनीस यांच्या प्रयत्नांमुळे हे घडले म्हणून जगभर कौतुक झाले. त्याच तपासनिसाने चित्रफितीवर कबुलीजबाब घेतलेला दुसरा माणूस त्या खुनासाठी तुरुंगात गेला, आणि २०१४ साली सरकारी वकिलांच्या कार्यालयाने त्या कबुलीजबाबाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेऊन त्यालाही सोडले. एका निरपराधाला सोडवताना दुसऱ्यावर अन्याय तर झाला नाही ना, हा प्रश्न विचारणे म्हणजे सत्कारमूर्तीवर अविश्वास दाखवणे नव्हे.

पडताळणीसाठी निकालपत्र मुळातून वाचावे. बातमीवर विसंबू नये. माणूस नेमका कोणत्या कायदेशीर वाटेने बाहेर आला हे त्यातूनच कळते, आणि या वाटा एकमेकींपासून फार भिन्न आहेत. शिक्षा रद्द होऊन निर्दोष मुक्तता होणे वेगळे, संशयाचा फायदा मिळणे वेगळे, फेरखटल्याचा आदेश वेगळा, शिक्षेत सूट वेगळी आणि माफी तर अगदीच वेगळी. ड्रेफस यांना १८९९ साली मिळाली ती माफी होती, म्हणजे कागदोपत्री ते दोषीच राहिले. तो डाग पुसला गेला १९०६ साली. इंग्लंडमधील वकील जॉर्ज एडल्जी यांना १९०७ मध्ये जनावरांना जखमी केल्याच्या आरोपातून माफी मिळाली, पण त्या प्रकरणातली निनावी पत्रे त्यांनीच लिहिल्याचा ठपका सरकारने कायम ठेवला आणि त्याच कारणाने भरपाई नाकारली. स्लेटर यांना १९२७ साली नुसते सोडून देण्यात आले. शिक्षा रद्द झाली ती पुढच्या वर्षी, आणि तीसुद्धा न्यायाधीशांनी ज्यूरीला चुकीचे मार्गदर्शन केले या मुद्द्यावर. निमंत्रण पत्रिकेत या सगळ्यांना सरसकट ‘निर्दोष मुक्तता’ लिहिणारा आयोजक ज्यांच्या कामाचा गौरव करू पाहतो त्यांचे सर्वांत अवघड यशच पुसट करतो.

दुसरी पाहणी वेळेची. सरकार पक्षाची अपिलाची मुदत संपली आहे का, भरपाईचा दावा चालू आहे का, फेरखटला बाकी आहे का, हे संबंधित वकिलांना लेखी विचारावे. चालू प्रकरणात व्यासपीठावरचे वाक्य उलटतपासणीत पुढे येऊ शकते. वकिलांनी सहा महिने थांबायला सांगितले तर थांबावे.

संस्थेचा सन्मान करताना तिचा संपूर्ण इतिहास पाहावा. इंग्लंडमधील अँड्र्यू मॅल्किन्सन यांनी न केलेल्या गुन्ह्यासाठी १७ वर्षे तुरुंगात काढली आणि २०२३ साली त्यांची शिक्षा रद्द झाली. असे खटले पुन्हा न्यायालयाकडे पाठवण्यासाठी १९९७ पासून काम करणाऱ्या सरकारी आयोगाने त्यांचा अर्ज आधी दोनदा फेटाळला होता. नवा डीएनए पुरावा पुढे आणला तो ‘अपील’ नावाच्या छोट्या धर्मादाय संस्थेने. शेवटी खटला न्यायालयाकडे पाठवणारा हात आयोगाचा असला, तरी सन्मान कोणाकडे जायला हवा हे वेगळे सांगायला नको.

मानपत्र

आता मुख्य काम. मराठीत मानपत्र म्हटले की विशेषणांचा पूर येतो: थोर, निःस्वार्थी, देवदूत, तारणहार, अंधारातील दीपस्तंभ. यांतला एकही शब्द ठेवू नये. देवदूताने जे केले ते दुसऱ्या कोणाला करता येत नाही. वकिलाने, बहिणीने, विद्यार्थ्याने जे केले ते मात्र ऐकणाऱ्याला उद्या स्वतः करता येते, म्हणून ते क्रियापदांत सांगावे. काय वाचले, काय शोधले, कोणाला भेटले, किती वेळा नकार आला, कोणती चाचणी करून घेतली.

हाकामाता खटल्याचेच उदाहरण घेऊ. १९६६ साली खुनाच्या आरोपावरून अटक, १९६८ साली फाशीची शिक्षा. शिक्षेचा एक मोठा आधार होता तो घटनेनंतर वर्षाहून अधिक काळाने मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, टाकीत सापडलेले रक्ताचे डाग पडलेले कपडे. त्या डागांत लालसर रंग शिल्लक होता. इतका काळ मिसोत राहिल्यावर रक्ताचा रंग लाल राहील का, हा प्रश्न बचाव पक्षाने आणि समर्थकांनी लावून धरला, आणि रक्त लावलेले कापड प्रत्यक्ष मिसोत ठेवून रंग कसा काळपट होत जातो ते प्रयोगाने दाखवले. सुटकेचा आणि फेरखटल्याचा आदेश २०१४ साली झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने हाकामाता यांना निर्दोष ठरवताना ते कपडे बनावट पुरावा असल्याचे म्हटले. या समर्थकांसाठी मानपत्र लिहायचे तर ‘सत्यासाठी अविरत संघर्ष केला’ हे वाक्य कोणालाही लावता येईल असे आहे. ‘कपड्यावरील रक्ताचा रंग मिसोमध्ये किती काळ लाल राहतो हा साधा प्रश्न आपण विचारलात आणि त्याचे उत्तर न्यायालय ऐकेपर्यंत प्रयोग चालू ठेवलेत’ हे वाक्य फक्त त्यांचेच आहे. त्याचप्रमाणे कॉनन डॉइल यांनी एडल्जी यांना पहिल्या भेटीत वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचताना पाहिले आणि इतक्या अधू दृष्टीचा माणूस रात्रीच्या अंधारात शेतांतून जाऊन जनावरांवर वार करील कसा, असा विचार केला. मानपत्रात यायला हवे ते हे निरीक्षण, त्यांची कीर्ती नव्हे.

मानपत्रात चूक कोणाची होती हेही मोघम ठेवू नये. ‘दुर्दैवाने अडकलेला’ असे लिहिणे म्हणजे माणसांनी केलेली चूक दैवाच्या माथी मारणे होय. चुकीची ओळख, दडपून घेतलेला कबुलीजबाब, सदोष न्यायवैद्यक अहवाल, बचाव पक्षापासून लपवलेला कागद, यांपैकी जे निकालपत्रात सिद्ध झाले असेल ते त्याच शब्दांत लिहावे, आणि जे सिद्ध झालेले नाही ते लिहू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहा जणांना निर्दोष ठरवले. त्याच सहा जणांना त्याच न्यायालयाने २००९ साली फाशीस पात्र ठरवले होते. अशा प्रकरणात ‘अखेर न्याय मिळाला’ एवढेच म्हटले तर मधली दहा वर्षे वाक्यातून नाहीशी होतात. दोन्ही तारखा लिहाव्यात, आणि दुसरी तारीख येण्यासाठी कोणी काय केले ते त्यांच्या मध्ये लिहावे.

श्रेयाची वाटणी हा नाजूक प्रश्न आहे. मसुदा तयार झाल्यावर तो सत्कारमूर्तीला दाखवावा आणि ‘यात कोणाचे नाव राहिले आहे’ एवढेच विचारावे. या क्षेत्रातली बहुतेक माणसे लगेच चार नावे सांगतात: कागद शोधून देणारा लिपिक, विनामूल्य मत देणारी न्यायवैद्यक तज्ज्ञ, तुरुंगात पत्रे लिहीत राहिलेली शेजारीण. ती नावे त्यांच्या संमतीने मानपत्रात घालावीत. गुन्ह्यातील मूळ पीडित व्यक्तीचा उल्लेख एका वाक्यात, आदराने आणि गुन्ह्याचे बारकावे टाळून करावा. निरपराध माणूस सुटला तरी त्या कुटुंबाचे दुःख तसेच असते, आणि कित्येकदा खरा गुन्हेगार अजून सापडलेला नसतो. समारंभाची बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून योग्य मध्यस्थामार्फत आधी कळवणे हे सौजन्य आहे. मानपत्राची लांबी तीनशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये.

सुटून आलेल्या व्यक्तीला बोलवायचे का

पुष्कळ आयोजकांना वाटते की सुटलेली व्यक्ती व्यासपीठावर आली, तिने अश्रू पुसत आभार मानले, की कार्यक्रम रंगला. या मोहापासून दूर राहावे. हाकामाता यांच्या मनावर दीर्घ कैदेचा इतका परिणाम झाला होता की निर्दोष ठरल्याच्या दिवशी न्यायालयात त्यांच्या वतीने बहीणच हजर राहिली. ज्याला बोलता येत नाही किंवा बोलायचे नाही त्याची अनुपस्थिती हा कार्यक्रमाचा उणेपणा मानू नये. कृतज्ञतेचीही सक्ती नसावी: भरपाई मिळाल्यावर स्लेटर आणि कॉनन डॉइल यांच्यात खर्चाच्या पैशांवरून कायमचे वितुष्ट आले. त्यामुळे डॉइल यांचे काम लहान होत नाही आणि स्लेटर कृतघ्नही ठरत नाहीत, कारण ज्या माणसाची अठरा वर्षे गेली तो कोणाचे काय देणे लागतो हा हिशेब आपल्या वहीत मांडण्यासारखा नाही.

ती व्यक्ती स्वखुशीने येणार असेल तर काही व्यावहारिक गोष्टी पाहाव्या लागतात. तुरुंगातून नुकत्याच आलेल्या माणसाकडे ओळखपत्र, बँक खाते, प्रवासाची कागदपत्रे असतीलच असे नाही; म्हणून ‘आधी खर्च करा, नंतर परत देऊ’ ही पद्धत वापरू नये. दाराजवळची जागा, हवे तेव्हा बाहेर पडण्याची मोकळीक आणि शांत खोली ठेवावी. व्यासपीठाच्या सजावटीत गज, बेड्या, कैद्याचा गणवेश असे काही आणू नये; हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगावे लागते. छायाचित्रासाठी लेखी संमती घ्यावी आणि ‘आत काय काय सोसले’ हा प्रश्न सूत्रसंचालकाच्या कागदावरून आधीच काढून टाकावा.

पैसा, नियम आणि गुपिते

पुरस्काराची रक्कम द्यायची असेल तर आधी ती स्वीकारता येते का ते विचारावे. न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस अधिकारी यांच्यावर सेवानियमांची बंधने असतात, आणि वकिलांनाही आपल्या संस्थेची परवानगी लागू शकते. सन्मानचिन्हावर होणारा खर्च कमी करून तो पैसा जुन्या सुनावणीच्या नोंदींच्या प्रती, प्रयोगशाळेतील चाचण्या, साक्षीदार शोधण्याचा प्रवास अशा कामांसाठी सत्कारमूर्तीने सुचवलेल्या संस्थेला दिला, तर तो सन्मान बहुधा अधिक आवडतो. देणगीदारांची यादीही तपासावी. एखाद्या चालू प्रकरणात हितसंबंध असलेल्याचे नाव फलकावर झळकले की सत्कारमूर्तीची विश्वासार्हता पणाला लागते.

व्यासपीठावरील मुलाखतीत गोपनीय गोष्टी विचारू नयेत. बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांसाठी चुकीने शिक्षा झालेले सहा जण १९९१ साली सुटले. त्यांच्यासाठी लढणारे पत्रकार आणि पुढे खासदार झालेले क्रिस मुलिन यांनी खऱ्या गुन्हेगारांशी बोलताना गुप्ततेचे वचन दिले होते, आणि पोलिसांनी ती टिपणे मागितली तेव्हा २०२२ साली न्यायालयाने मुलिन यांची बाजू मान्य केली. जे वचन त्यांनी पोलिसांपुढेही सांभाळले ते श्रोत्यांच्या कुतूहलापायी मोडायला लावणारा प्रश्न सन्मानाच्या कार्यक्रमात तरी येऊ नये.

समारंभ आणि त्यानंतर

दिवस निवडायचा तर २ ऑक्टोबर हा चुकीच्या शिक्षांविषयीचा आंतरराष्ट्रीय दिवस २०१४ पासून पाळला जातो. त्या सुमारास कार्यक्रम ठेवल्यास विषयाकडे लक्ष जाते. मात्र त्याच दिवशी सत्कारमूर्तींना इतरत्रही जावे लागते, म्हणून चार-सहा महिने आधी विचारावे. प्रास्ताविक पाच मिनिटांत आटोपावे. मानपत्राचे वाचन खटला समजलेल्या माणसाकडून करून घ्यावे, नुसत्या चांगल्या आवाजाच्या निवेदकाकडून नको. पाहुण्यांच्या भाषणांपेक्षा सत्कारमूर्तीला वेळ जास्त द्यावा, आणि त्याला हातातल्या अपुऱ्या खटल्याविषयी बोलायचे असेल तर वकिलांशी बोलून त्याची मर्यादा आधीच ठरवावी.

कार्यक्रम संपल्यावर मानपत्राची अंतिम प्रत, निकालपत्राचा क्रमांक आणि तारीख, निवडीची कारणे आणि संमतिपत्रे एकत्र करून आयोजक संस्थेच्या दप्तरी ठेवावीत. ज्याचे नाव मानपत्रात आले त्या प्रत्येकाला, लिपिकाला आणि शेजारणीलासुद्धा, एक प्रत पोस्टाने पाठवावी. पुढे एखाद्या प्रकरणात नवी वस्तुस्थिती उघड झाली, तर जुने मानपत्र गुपचूप बदलू किंवा काढून टाकू नये. त्याच कागदाखाली तारीख घालून काय बदलले ते दोन ओळींत लिहावे आणि त्याखाली समितीच्या सदस्यांनी सह्या कराव्यात.